पश्चिमेकडची जाळी

बा, तुह्या पानमळ्याची सावली तू कधी विकत आणली नाही. शेवरी अन् पांगरा लावला, त्यांच्या अंगावर वेल चढवले, पश्चिमेच्या अंगाले तुराट्यांचा कुड घातला, झालं. आता सावली दुकानात भेटते. कापडाच्या थानासारखी गुंडाळून ठेवलेली असते अन् तिच्यावर टक्के लिहिलेले असतात. तू असता तर दुकानदाराले वेड्यात काढलं असतं. तू नव्हता, म्हणून मी काढलं.

माह्या नातीनं, म्हणजे थोरल्याच्या पोट्टीनं, घरामागच्या वावरात आर्किडचं शेड उभं केलं आहे. आर्किड म्हणजे असं फूल का ज्याले माती लागत नाही. कोळशाच्या तुकड्यायवर अन् नारळाच्या शेंड्यायवर बसते, मुळ्या हवेत लोंबतात, अन् तरी त्याचे नखरे तुह्या पानवेलीपेक्षा जास्त. ऊन पाहिजे पण भाजायचं नाही, पाणी पाहिजे पण साचायचं नाही. पोट्टी शेतकी शिकून आली अन् म्हणे, मी नोकरी नाही करत, मी हे करते. तिच्या बापानं तोंड वाकडं करून वावराचा एक कोपरा दिला. म्हणे, दोन उन्हाळे पाहू. फुलं आली तर ठीक, नाही तर मी तिथं सोयाबीन पेरतो अन् तू पुण्याले नोकरी पाहा. तेवढंच बोलला. आमच्या घरात तेवढं बोललेलं पुरते.

शेडवर ताणायची सावलीची जाळी घ्यायले पोट्टी वाशिमले गेली तेव्हा मीही संग गेली, कारण सावलीचं मले कळते असं मी सगळ्यायले सांगून ठेवलं होतं. दुकानदारानं हिरवी दाखवली. "सगळे हेच नेतात, आजी." पोट्टी म्हणे, "हिरवी भाजीवाले नेतात. तिच्याखालचा उजेड माह्या झाडायच्या कामाचा नाही. काळी दाखवा, पन्नासची." पन्नास म्हणजे अर्धं ऊन अडते अन् अर्धं आत जाते. मी ते कापड दुकानाबाहेर उन्हात धरलं अन् खाली हात धरला. हाताले चटका बसला. म्हटलं, "हे काय सावली हाय? हे तं ऊन चाळणीतून गाळून देणं झालं. वैशाखात झाडायचं भरीत होईन. नव्वदची घे." दुकानदाराले महागाची जाळी विकायची होती, तो लगेच माह्या बाजूनं झाला. पोट्टी माह्याकडं पाहत राह्यली. बापाले फोन लावला, बाप म्हणे आजी म्हणते तसं कर. नव्वदची आली.

पहिला उन्हाळा गेला, एक पान करपलं नाही. मी गावभर सांगत फिरली. पावसाळा गेला, हिवाळा लागला, फूल काही दिसेना. पानं गर्द हिरवी, लांब अन् लुळी. पोट्टीनं मले शेडच्या दारात उभं केलं अन् आत जाऊन एका पानावर आपला हात धरला. "आजी, हाताची सावली दिसते काय?" नाही दिसत, म्हटलं. "दिसली पाहिजे. कडा पुसट असाव्या, पण सावली दिसली पाहिजे. इथं तं अंधारच हाय. झाड जिवंत हाय, बस. फुलायले त्याच्याजवळ काही उरत नाही." तिनं झाडाबद्दल म्हटलं. मले मात्र तुहा मळा आठवला.

मी लहान आहे. चपला कुडाबाहेर काढायच्या, पाय धुवायचे, मंग आत. आत गार, ओलसर, अन् पानाचा तो तिखट वास. तू अंगठ्याले लोखंडी नख लावून पानं खुडतो अन् मी मागं मागं एकावर एक रचते. सुटं पान खाली पडलं का तू माह्याकडं पाहतो, मी उचलते, बोलायचं काम नाही. मंग एक दिवस मायनं तुले चुलीपाशी हळूच काही सांगतलं अन् दुसऱ्या दिवशी तू कुडाच्या दारात आडवा उभा. "आता इथून मागं." म्हटलं, काहून? "बाईचा विटाळ झाला का वेल झुरते." म्हटलं, तेवढे चार दिवस नाही येत. "तुहे चार दिवस मी कुठं मोजत बसू? येऊच नको." तवापासून तुही भाकर दगडावर ठेवायची अन् मागं सरायचं. कुडाच्या फटीतून तुहे पाय दिसत, बाकीचा बाप दिसत नव्हता. माहं लग्न झालं. पुढं मळा सुकला. कोण्या बाईनं तर आत पाय टाकला नव्हता, विहिरीनंच तळ दाखवला होता. तेव्हा हे तुले कोणी म्हटलं नाही, मी आता म्हणून राह्यली. तू मले नव्वद टक्क्याखाली ठेवलं, बा. करपली नाही मी, हे खरं आहे.

आता पुढचं ऐक, इथं तुले हसू येईन. पोट्टीचं शेड उभं राह्यलं त्याच दिवशी मी सुनेले, म्हणजे पोट्टीच्या मायले, सांगून टाकलं, "त्या दिवसात आत जायचं नाही." कोणी विचारलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, अन् निघालं तेही तुह्याच आवाजात. पोट्टी हसली. "आजी, झाडाले तारखा समजत नाही." सून हसली नाही. ती या घरात आल्यापासून माहं ऐकत आली आहे. पोट्टीनं उलट माह्यावरच बंदी घातली, माह्या तंबाखूसाठी. म्हणे तंबाखूत एक रोग असू शकते, चोळलेल्या हातानं तो आर्किडाले लागते, अन् एकदा लागला का औषध नाही. म्हटलं, "मी का तुह्या झाडाले तंबाखू चारून राह्यली?" म्हणे, "हात लावतेस ना, तेवढंच पुरते." तिच्या कात्र्या दुधाच्या वाटीत बुडवलेल्या असतात, दुधानं तो रोग मरते म्हणे. घरात चहा काळा अन् कात्र्यायले दूध. मी सांगतलं, तंबाखू सुटत नाही. ती म्हणे, "मंग बाहेर बस." बसली.

पौषात ऊन नरम असताना तिनं नव्वदची जाळी काढली अन् पन्नासची चढवली. एकदम उन्हाळ्यात काढली तर पानं भाजतीन, आता काढली तर हळूहळू सवय करून घेतीन, असा तिचा हिशोब. जाळी छताच्या प्लास्टिकवर टेकू दिली नाही. मधात हातभर जागा सोडून पाइपावर ताणली, तापलेली हवा तिथून निघून जावी म्हणून. अन् आत दुसरी जाळी बांधली, पडद्यासारखी, रणरणत्या दुपारी रस्सीनं ओढून घ्यायची अन् ऊन उतरलं का सारायची. तिचा बाप म्हणे, "उन्हाळा तोंडावर आला अन् ही झाडायचे कपडे उतरवून राह्यली." मी आपली तंबाखू चोळत बसली. माही नव्वद सगळ्यायनं पाह्यली होती. फागुनात फुलाच्या दांड्या निघाल्या, चैतात त्यायले कळ्या धरल्या. दुसरा उन्हाळा हाच. या कळ्या फुलल्या तर कोपरा पोट्टीचा, नाही तर सोयाबीन.

मंग एक दिवस बापलेक मालेगावले गेले आहेत, फुलं भरायचे खोके पाहायले. दुपार झाली. लाइन गेलेली, म्हणून आतला फवारा बंद. मी लिंबाखाली बसली आहे. किन्हीराजा गावाच्या अंगानं वावटळ उठते, धूळ अन् पऱ्हाट्या घेऊन वावरं ओलांडते, अन् सरळ शेडवर येते. पश्चिमेकडची जाळी चिमट्यायतून सटासट सुटली, वर उडाली अन् पाइपाले गुंडाळून लोंबायले लागली. वावटळ पुढं गेली. ऊन तिथंच उभं राह्यलं. मी जवळ जाऊन पाहते तर कळ्यायच्या सावल्या खाली चाकूनं कापल्यासारख्या पडलेल्या. अन् आतला पडदा, जो एव्हाना ओढलेला पाहिजे, तो उघडाच.

सुनेले हाक मारली. ती पदर खोचत धावत आली अन् दारात थबकली.

"पडदा काहून नाही ओढला?"

"आत्याबाई, मले आज नाही चालत आत. मले वाटलं ते दुपारच्या आत येतीन."

फोन लावला. पोट्टी म्हणे मोटरसायकल पंक्चर झाली, आमी रस्त्यात हाव. मी जाळीचं सांगतलं. मंग म्हणे, "आईले पाठव. आजी, तू नको जाऊ आत, हात जोडते. लवकर कर, त्या उन्हात कळ्या टिकत नाही."

दोघी दारात. एकीचे हात चालत नाही, एकीचं अंग चालत नाही, अन् आत ऊन आपलं काम करून राह्यलं.

"जा," म्हटलं.

ती हलली नाही. "तुमीच म्हटलं होतं."

"मीच म्हणून राह्यली. जा."

"अन् झुरलं तं?"

"झुरलं तं माह्या नावानं सांग."

तरी ती उभीच. मंग माह्या ध्यानात आलं, ती झाडाले भित नव्हती, मले भित होती. उद्या एखादी कळी गळली तर मी तिच्याकडं कशी पाहीन, त्याचं तिले भेव. मी तिच्या पाठीवर हात ठेवला अन् तिले आत ढकललं.

रस्सी अडकली होती. मी बाहेरून ओरडून राह्यली, "ओढ ना. सकाळी भाकर खाल्ली नाही काय?" आतून आवाज आला, "तुमी बोलू नका. मले ओढू द्या." इतक्या वर्षांत ती मले असं कधी बोलली नव्हती. मी तोंड बंद केलं. शेवग्याच्या शेंगा पाडायची आकडी घेतली, हौदाच्या कठड्यावर चढली अन् पाइपाले गुंडाळलेली जाळी सोडवायले लागली. गुडघा म्हणे उतर, मी उतरली नाही. एक कोपरा खाली आला, त्याले मी दगड बांधला. तेवढ्यात आतला पडदा कुरकुरत सरकला, अन् कापलेल्या सावल्या एकेक करून बोथट झाल्या. सून बाहेर आली तेव्हा तिचे तळहात सोलले होते. मी तिले माठातलं पाणी दिलं.

पहिली रांग गेली. कळ्या पिवळ्या पडल्या अन् गळल्या, पानायवर पांढरे डाग पडून मंग काळे झाले. बाकीच्या रांगा वैशाखात फुलल्या, जांभळ्या. पोट्टीच्या बापानं स्वतः खोके बांधले अन् सोयाबीनचं बी आणलं ते दुसऱ्या वावरापुरतं. सुनेले मी सांगून टाकलं का तो नियम आता नाही. पोट्टीची बंदी हातावरची आहे, तंबाखू सोडून हात धुतले का मिटते. तुही बंदी कशानं धुतली तरी निघत नव्हती, अन् मी तीच उचलून इथं आणली होती.

हे सगळं मी दुसरीपर्यंतच्या अक्षरात लिहून राह्यली, वाकडं असेन. पण एक सांगावं म्हटलं तर सांगवत नाही. त्या दिवसानंतर रोज सकाळी मी बाहेरून जाळीले डोळे लावून पाहत होती, झाडं झुरतात का म्हणून. पहिल्या रांगेच्या कळ्या गळल्या तेव्हा ऊन कुठून आलं ते मी माह्या डोळ्यानं पाह्यलेलं होतं. तरी माह्या मनात आधी सून आली, ऊन मागून आलं. हे सुनेले माहीत नाही अन् पोट्टीले मी सांगणार नाही. तुलेही नाही पाठवत. तुले वाचता येत नव्हतं, पण तू कोणाकडून तरी वाचून घेतलं असतं, अन् मिशीतल्या मिशीत हसून म्हटलं असतं, मी सांगत होतो ना. तेवढं सुख मी तुले देत नाही.