मामाची जागा

१२ जानेवारी, रविवार
पहाटेची एस.टी. धरून धाराशिव. फोटोग्राफीच्या क्लासचा पहिला दिवस, आता दर रविवारी. बाकी सगळी कॉलेजातली पोरं, हातात फोन. मी एकटाच गळ्यात कॅमेरा अडकवून शेवटच्या बाकावर. लोहाऱ्यात स्टुडिओ टाकला तेव्हा यातली निम्मी जन्मलीही नसतील. मॅडम पुण्याच्या. मला पोरगी असती तर याच वयाची असती. सगळ्यांना नावानं हाक मारतात आणि मला 'काका'.

सरूला पटलेलं नाहीच. निघताना म्हणाली, "आवो, फोटूवाल्यानं फोटूचा क्लास लावायचा म्हंजे आचाऱ्यानं भात शिजवाय शिकायचं. लोक हसत्यात."
हसू देत. हसायला का होईना, दुकानात तर या म्हणावं. आता येतात ते पासपोर्ट आणि झेरॉक्सला. लग्नं सगळी लातूरच्या ड्रोनवाल्या पोरांनी नेली.

१९ जानेवारी
विषय : रेषा. आठवडाभर रेषा शोधत फिरलो. विजेच्या तारा, हरभऱ्याच्या ओळी, स्टँडवरचे बसायचे लोखंडी पाइप. मॅ. एकेक फोटो बघत गेल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या फोटोत सगळं मधोमध का असतं?"
मधोमध माणूस असतो म्हणून गिऱ्हाईक पैसे देतं बाई. कडेला सरकवला तर फोटो परत आणतात. हे बोललो नाही. पोरं हसली असती.
गाडीत बसल्यावर मात्र खिडकीतून सगळीकडं रेषाच दिसायला लागल्या. चीड आली. इतकी वर्षं काय बघत होतो मग?

२ फेब्रुवारी
पोत. खरखरीत, मऊ, भेगाळ. माकणीला थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं गेलो होतो, येताना धरणाच्या कडेला उतरलो. पाणी हटलेलं, काळी माती फुटून तिच्या खपल्या उभ्या. ऊन तिरपं होईपर्यंत थांबलो. रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं, "काय हरवलं का?"
तो फोटो मॅ.नी पडद्यावर लावला. पोरांनी हातातले फोन खाली ठेवले. बरं वाटलं, कशाला खोटं लिहू.
दुकानात संध्याकाळी एक जण. "चेहरा गोरा करा, आन ह्ये कपाळावरचं वण काढून टाका." काढला वण. गेला पोत.

२३ फेब्रुवारी
अवकाश. म्हणजे रिकामी जागा. मॅ. म्हणतात, फोटोत जिथं काही नाही तीही एक वस्तूच धरायची, तिचंही वजन असतं. आयुष्यभर आम्ही रिकामी जागा दिसली की तिथं एखादी चुलती उभी केली.
घरी सरूला समजावून सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "रिकाम्या जागंचा फोटू पायजे तर आपल्या दुकानाचा काढा की."

९ मार्च
आज क्लासला दांडी. अक्का बाजाराला लोहाऱ्यात आली ती सरळ घरी. तिच्या कोमलचं लग्न जमलं. मुलगा धाराशिवला नोकरीला, घर चांगलं. कोमल अकरावी-बारावीला आमच्याच घरी होती. सरूनं तिच्या वेण्या घातल्या, मी सायकल शिकवली. ऐकून डोळ्यांत पाणी आलं.
मग विचारलं, फोटोचं कसं करायचं? अक्का चहाच्या कपात बघायला लागली. दाजींनी लातूरची पोरं ठरवली. ड्रोन, मोठा पडदा, सगळं.
"आगं पण मी असताना?"
"दिगू, तू मामा हायस. पोरीला मांडवात आणायचं, तिच्या पाठीमागं हुबं ऱ्हायाचं. फेटा बांधून मिरव की. कॅमेरा घरी ठिव."
मोठ्या मनानं बोलली असेल. मला एवढंच ऐकू आलं की सख्ख्या बहिणीलाही माझा फोटो नको.
ती गेल्यावर सरूशी उगाच भांडलो.

२३ मार्च
समतोल, विरोध, उठाव. समतोल म्हणजे दोन्हीकडं सारखं नव्हे. एका बाजूला गर्दी आणि दुसऱ्या बाजूला एकच माणूस, तरी फोटो पडत नाही. त्या एका माणसाला तेवढं वजन पाहिजे. हे मला पटलं. मॅ.नी शेवटचं काम दिलं : प्रत्येकानं एकच फोटो द्यायचा, ज्यात शिकलेलं सगळं असेल. जुलैत धाराशिवला प्रदर्शन.
पोरं लगेच तुळजापूरला जाऊन गर्दी काढू म्हणाली.  माझं ठरलं होतं.

२२ एप्रिल
अक्कानं मामाचा पोशाख पाठवला. पांढरा सदरा, फेटा. सरूनं इस्त्री करून ठेवला. मी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली तिला दिसली.
"कशापाई?"
"क्लासचं काम आहे. एक फोटो फक्त."
"वन्संनी सांगितलंय न्हवं?"
"एकच."
तिनं फेट्याची घडी दोनदा मोडून परत घातली.

२४ एप्रिल
माकणी. कोमलचं लग्न लागलं.
लई माणूस, लई ऊन. जेवणं उशिरापर्यंत. दमलो.
एक फ्रेम मिळाली. एकच, पण मिळाली. अंतरपाट धरलेला, मांडवाच्या कापडाला फट होती तिथून ऊन नेमकं त्याच्यावर. डावीकडं नवरदेव, त्याचा मामा, मागं फेट्यांची गर्दी. उजवीकडं कोमल एकटी आणि मागं नुसतं पांढरं कापड. मान किंचित वळवलेली.
पोरीला हाताला धरून मीच आणून उभी केली होती. स्टेजवरून खाली उतरलो तो एका फोटोपुरता. माइकवर काहीतरी पुकारत होते. ड्रोनची घरघर, बँडवाले. तेवढ्यात अक्षता पडल्याच.
सरू परतीच्या गाडीत पुढं बसली, बायकांमध्ये.

२६ एप्रिल
सरू अजून कामापुरतंच बोलते. आज एकदाच भडकली. "माइकवर नाव घेऊन घेऊन बोलावत व्हते. 'नवरीचे मामा, वर या.' सगळा मांडव तुमच्याकडं बघत व्हता. आन तुमी एक डोळा झाकून हुबं!"
म्हटलं, ऐकू आलं नाही.
"मला आलं की. मी तर पार बायकांच्या घोळक्यात मागं व्हते."

४ मे
दुकानात माकणीचा एक पाहुणा झेरॉक्सला आला. कागद गोळा करता करता म्हणाला, "काय मामा, बहिणीवर रुसला व्हता म्हनं? अर्ध्यातनं उतरला."
म्हणजे गावभर हेच. भाचीच्या मागं मामा उभा नाही म्हणजे बहीण-भावाचं फाटलं, दुसरं काय कारण असणार? त्यानंच सांगितलं, नवरदेवाकडच्या बायकांनी कोमललाच विचारलं, तुझ्या मामाला हे स्थळ पसंत नव्हतं का. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात पोरीनं याला काय उत्तर द्यायचं?
लातूरच्या पोरांच्या व्हिडिओतही तेच असणार. मामा नाही. मोठ्या पडद्यावर नाही.

११ मे
क्लासला फोटो दाखवला. मॅ.नी तो लगेच पडद्यावर लावला. मग पोरांना पुढं बोलावलं. "बघा. अंतरपाटाची उभी रेषा. इकडं गर्दी, तिकडं अवकाश. नवरीच्या मागची ही रिकामी जागा बघा, केवढी बोलते! काका, तुम्ही तिथं मुद्दाम कुणाला उभं राहू दिलं नाही ना?"
मी म्हटलं, "हो."
टाळ्या वाजवल्या पोरांनी. गाडीत बसल्यावर कॅमेरा पिशवीत तळाला घातला. 

१ जून
शेवटी माकणीला गेलो. दाजी ओसरीवर होते, उठून शेताकडं निघून गेले. अक्कानं पाणी दिलं.
"दिगू, तू रुसून बसला असतास तर मी पाया पडून आणला असता. लोकास्नी सांगता तरी आलं असतं, भाऊ रागात हाय, निवंल. फोटूसाठी हुबा न्हाय ऱ्हायला, ह्ये कुनाला सांगू?"
मी म्हटलं, "अक्का, माइकचं ऐकूच आलं नाही. आन कॅमेऱ्याला डोळा लावला की दुसरं काय दिसत नाही बघ. तेवढा चौकोन सोडून जग नसतं."
तिनं पाण्याचं भांडं उचललं. मग म्हणाली, "आसंल बाबा. तुझ्या धंद्यातलं तुला ठावं." आणि आत जाऊन पिठलं टाकलं.
जेवलो. तिनं वाढलं, दोनदा आग्रह केला. निघताना म्हणाली, "मी सांगते समद्यांना, त्याला ऐकूच आलं न्हाय म्हनून. बँड तर व्हताच."
वाचलो म्हणायचं. स्वतःची लाजही वाटली, पण वाचलो.

२९ जून
प्रदर्शनाला माझा फोटो सगळ्यांत मोठा छापणार. दारातून आत आल्या आल्या समोर. मॅ.चा फोन, "काका, नाव काय द्यायचं?" म्हटलं, नाव नको.
सरूला सांगितलं. "माकणीला कळवू नका," एवढंच म्हणाली. मीही कळवणार नव्हतोच.

१३ जुलै, रविवार
कळवलं नव्हतं. कोमलच्या नवऱ्याच्या ऑफिसात कुणी तरी पत्रक आणलं. मामाचं नाव बघून तिला आनंद झाला. अक्का तिच्याकडं राहायला आली होती, तिलाही घेऊन कोमल आली. पोरगी सासरी जाताना नेसते तशी जरीची साडी नेसली होती. दारातच थांबली.
"मामा, चांगला आलाय," म्हणाली.  हात माझ्या दंडावर ठेवला. तो तिथं ठेवून घ्यायची माझी लायकी नव्हती.
अक्कानं पिशवीतून चष्मा काढला. जवळ गेली, लांब झाली. मग विचारलं, "ही कुणाकडं बघाय लागलीया?"
  मॅ.ना काय माहीत बिचारीला? त्या हौसेनं पुढं आल्या. "तेच तर आहे आई! नजरेची रेषा बघा. थेट कॅमेऱ्याकडं. काकांनी बरोबर तोच क्षण पकडलाय. ती जणू बोलावतेय कुणाला तरी."
अक्कानं चष्मा काढला. माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही.
"म्हंजे तुला दिसत व्हती."
मग कोमलला म्हणाली, "चल गं, उशीर व्हतोय." मॅ.नी चहाला थांबवलं, ती थांबली नाही. मी पायऱ्यांपर्यंत गेलो. तिनं मागं बघितलं नाही. कोमलनं बघितलं.
आत आलो तर पोरं फोटोपुढं उभं राहून सेल्फी घेत होती.

२० जुलै
अक्का फोन उचलत नाही. दाजींनी उचलला, "झोपलीय" म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते.
मॅ.नी विचारलं, पुढचा कोर्स घेणार का? म्हटलं, बघू. बोलायला गेलो असतो तर वाईट बोललो असतो. त्यांचं काय चुकलं? त्यांनी बघायला शिकवलं. कुठलं बघून हात पुढं करायचा आणि कुठलं बघून बटण दाबायचं, हे काय त्यांनी शिकवायचं का?

२७ जुलै, रविवार
परवा नागपंचमी. अक्काला माहेरी आणायला दर वर्षी मीच जातो. आई होती तेव्हा ती धाडायची, आता सरू. काल कोमलचा फोन. "मामा, आई म्हणली, अवंदा मला न्यायला येऊ नको म्हनून सांग." मग थोडं थांबून, "पण तुमी जावा."

सरूनं डबा भरून दिला. डब्यात काय ते सांगितलं नाही. म्हणाली, "खरं बोला. न्हाय आल्या तरी चालंल, खरं बोला."

माकणीच्या जीपमध्ये बसून लिहितोय. खरं काय, ते आधी इथं लिहून बघतो. माइकचं ऐकू आलं होतं. पहिल्या हाकेलाच. कोमलनं मान वळवली तीही दिसली. ओठ हलले तिचे, "मामा" म्हणाली. मी बटण दाबलं, पण हात हलला होता, फोटो धूसर गेला. मला कळलं की मी वर गेलो नाही तर ही परत वळून बघणार. म्हणून गेलो नाही. दुसऱ्यांदा वळेपर्यंत थांबलो. भिंतीवर आहे तो दुसरा.

हे कसं सांगायचं, माहीत नाही. सांगितल्यावर अक्का माझ्याबरोबर निघेल असं वाटत नाही. ड्रायव्हर म्हणतो, आणखी एक शीट आलं की निघू.