एबल नव्हे, अफ्रेड

दि. ४ जून

चि. मास्तरीणबाईंना मावशीचे अ. आ.

आधी कामाचं. दहा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आयाचं काम केलं, आता मला हाडांच्या वॉर्डात टाकलंय. तिथे सात नंबरच्या खाटेवर एक आजोबा आहेत. जन्मभर लोकांच्या घरचे पियानो दुरुस्त करत फिरले. त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नाही आणि मला नेमकं तेच येत नाही. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले तरी उभे राहत नाहीत. डॉक्टर दोन मिनिटं थांबतात, कागदावर लिहून जातात. पंधरा दिवसांत उठले नाहीत, तर कायम अंथरुणाला खिळलेल्यांच्या संस्थेत रवानगी. त्यांची लेक रोज येते आणि जिन्यात जाऊन रडते.

काल धीर करून मी त्यांना म्हटलं, ‘आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड.’ मला समजायला अवघड जातं, असं सांगायचं होतं. तर आजोबा चक्क हसले! माझं काय चुकलं, ते लगेच कळव. बाकी सगळे ठीक.

तुझी मावशी


दि. ९ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं आणि इतक्या मोठ्याने हसले की हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. अगं, तू स्वतःच समजायला अवघड आहेस, असं सांगून आलीस! तिथे म्हणायचं, ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू अंडरस्टँड.’

पण घाबरू नकोस. आपण ‘जायला तयार’ म्हणतो, ते ‘रेडी टू गो’. ‘हॅपी टू हेल्प’ म्हणजे मदत करायला आनंदच आहे. ‘एबल टू’ म्हणजे करायला जमतं, ‘अफ्रेड टू’ म्हणजे करायला भीती वाटते. ‘टू’च्या आधीचा शब्द नीट ऐक, माणसाच्या मनातलं तिथे असतं. बारा वर्षं मी हे फळ्यावर लिहितेय. मुलं उतरवून घेतात, मार्क मिळवतात आणि विसरतात.

काकांना नमस्कार. तुझ्यात माया आहेच, कान मात्र उघडे ठेव.

तुझी मास्तरीण


दि. १७ जून

चि. मास्तरीणबाईंना अ. आ.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग पहिलंच वाक्य बरोबर होतं की! त्या दिवशीचा चहा त्यांचा त्यांनी केला.

आता ऐक. सोमवारी चादर बदलताना आजोबा खाली बघून पुटपुटले, ‘अफ्रेड टू स्टँड.’ चादर हातातच राहिली. खाटेला टांगलेला कागद मी अक्षर अक्षर लावत वाचला. त्यावर होतं, ‘नॉट एबल टू स्टँड.’ जमत नाही आणि भीती वाटते, यात किती फरक असतो, हे लहान मुलांत दहा वर्षं घालवलेल्या बाईला कोणी शिकवायला नको.

सिस्टरना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मावशी, तुम्हाला इंग्रजी कधीपासून यायला लागलं? मनाला लागलं, पण मी हटले नाही. व्यायाम घेणाऱ्या ताईंना गाठलं. त्यांनी खुर्ची ओढून आजोबांना निवांत विचारलं आणि मला मराठीत सांगत गेल्या, तेव्हा सगळं बाहेर आलं. पडले त्या दिवशी ते सहा तास एकटे फरशीवर पडून होते. उभं राहायचं म्हटलं की तीच फरशी डोळ्यांसमोर येते. सांगायची लाज वाटत होती. पायांत ताकद आहे, ताईंनी तपासून पाहिली.

एका बाजूने ताईंनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी. मी म्हटलं, ‘हॅपी टू होल्ड.’ बरोबर की चूक, कोण जाणे. ते उभे राहिले. चार श्वास. मग आम्ही त्यांना हळूच बसवलं. संस्थेचं आता कोणी नाव काढत नाही.

तुझी मावशी


दि. २२ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं, मग वर्गातही वाचून दाखवलं. मी त्या शब्दांची यादी पाठ करून घेते. तू त्यातल्या एका शब्दासाठी सगळ्या वॉर्डाशी भांडलीस! मावशी, मला तुझा किती अभिमान वाटतो, ते लिहायला शब्द अपुरे पडतात, आणि शब्द हाच माझा धंदा.

तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी आली. म्हणाली, मला वाचता येतं बाई, मोठ्याने वाचायला भीती वाटते. तिच्या प्रगतिपुस्तकात मी ‘वाचता येत नाही’ असं लिहिलं होतं. तिच्यासमोरच खोडलं. आता आम्ही दोघी मधल्या सुट्टीत हळू आवाजात वाचतो.

अशीच शिकवत राहा.

तुझी मास्तरीण


दि. १० जुलै

चि. मास्तरीणबाईंना अ. आ.

आजोबा आज घरी गेले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा हात, असे वॉर्डापासून फाटकाकडे चालत निघाले. फाटकाशी लेक गाडीचं दार उघडून उभी होती. आठ-दहा पावलं उरली, तेव्हा थांबून म्हणाले, ‘रेडी टू गो.’ मी हात सोडला. ते गेले. मागे वळून पाहिलं नाही, कारण चालताना वळायचं नाही हे ताईंनी बजावलं होतं.

गाडी गेली तरी मी हात तसाच पुढे धरून उभी. सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याशी पहिल्यांदाच इंग्रजीत बोलल्या, ‘हार्ड टू लेट गो.’

मराठीत सांगायची गरज पडली नाही.

तुझी मावशी