विहीणबाईंच्या तांब्यातलं पाणी

चौक, तालुका खालापूर
शुक्रवार

पोशीरच्या कोंडीरामदादांना चौकाहून मेहुणे सदू यांचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? वहिनींच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडताहेत ना? यंदा वाल चांगले धरलेत असं ऐकलं, ऐकून बरं वाटलं. शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा भाजायला, पुढच्या रविवारच्या पोपटीला तुम्ही आठवणीनं बोलावलंत, पण दादा, मी येत नाही. माझी यायची हिंमत नाही. फोनवर सांगावं तर तुमचा फोन कायम नातवाच्या, किरणच्या हातात, आणि तो पोरगा स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही. मेसेज करावा, तर मागे फक्त तुमच्यासाठी पाठवलेला मूळव्याधीचा उपाय त्यानं 'आपला परिवार' गटावर टाकला आणि आमच्या पौर्णिमेच्या सासरच्या सगळ्यांनी त्याला अंगठे दाखवले. म्हणून हा कागद. वाचून झाला की चुलीत घाला.

गोष्ट अशी आहे. आमच्या विहीणबाई, म्हणजे पौर्णिमेच्या सासूबाई ठकूबाई, रोज सकाळी उपाशीपोटी मी रुखवतात दिलेल्या तांब्यातलं पाणी पितात. तांब्याच्या भांड्यातलं पाणी तब्येतीला चांगलं म्हणून. आणि दादा, ते भांडं तांब्याचं नाही हो! प्लास्टिकचं आहे. वरून नुसता मुलामा, तोही घरी, मागच्या पडवीत, माझ्या हातानं चढवलेला. आता त्या बाईंना काही झालं तर? आणि काही न होता नुसतं कळलं, तर पोरीनं त्या घरात तोंड कसं दाखवायचं? लग्नाची मेंदी आत्ता कुठे उतरलीय. स्थळ तुम्ही सुचवलेलं, घर तुमच्याच आळीतलं, म्हणजे तोंड तुम्हालाही दाखवायचंच आहे.

तुम्ही मला ओळखता. रसायनीला कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी केली ती सगळी जीव मुठीत धरून. धोक्याचा भोंगा झाला की गेटवर पहिला मी. (एकदा तो जेवणाचा भोंगा होता, पण तेव्हाही मी पहिलाच होतो.) असा माणूस मुलाम्याच्या ॲसिडच्या वाटेला गेलाच कशाला, असं विचाराल. नवीननं, आमच्या चिरंजीवांनी, बाबांचा वेळ जावा म्हणून पुण्याहून ते थ्रीडी प्रिंटरचं यंत्र पाठवलं. चकलीच्या सोऱ्यातून पीठ यावं तशी त्यातून प्लास्टिकची गरम तार येते आणि थरावर थर बसून वस्तू तयार होते. आधी मी खुंट्या काढल्या, मग साबणदाण्या, मग तुमची बहीण जयवंता म्हणाली आता घरात साबण कमी आणि दाण्या जास्त झाल्या, पुरे करा. तेवढ्यात लग्न ठरलं, रुखवताचं बोलणं निघालं, आणि मोबाइलवर मी एका माणसाला प्लास्टिकच्या घुबडावर तांबं चढवताना पाहिलं. तिथं माझी बुद्धी फिरली.

कृती तशी सरळ आहे, म्हणजे त्या माणसाची होती. प्लास्टिकमधून वीज जात नाही, म्हणून आधी पेन्सिलीत असते ती काळी भुकटी रंगात कालवून वस्तूला फासायची. मग बादलीत मोरचुदाचं निळं पाणी, त्यात बॅटरीचं ॲसिड, एका अंगाला आपली वस्तू लटकवायची, दुसऱ्या अंगाला जुनं तांबं, आणि हलकीशी वीज सोडायची. जुनं तांबं झिजत जातं आणि वस्तूवर येऊन बसतं. मोरचूद आणायला कृषी केंद्रात गेलो, तर दुकानदारानं विचारलं, "काका, कशावर मारायचंय?" मी म्हणालो, रुखवतावर. त्यानं पुडी बांधली आणि पैसे आधी मागितले. पडवीत मी गमबूट, रेनकोट, नवीनचं हेल्मेट असा सगळा जामानिमा करून बसायचो, आणि शेजारी जयवंता अनवाणी पायांनी तांदूळ निवडत असायची. एवढ्या विजेनं मुंगीही मरत नाही, असं नवीन फोनवर सांगत होता. मुंगी मरत नसेल. मुंगी माझ्याइतकी घाबरत पण नाही.

पहिल्या खेपेला वीज जास्त झाली आणि तांब्या करपलेल्या पिठल्यासारखा काळा आणि भुसभुशीत झाला. दुसऱ्या खेपेला मात्र, दादा, खोटं कशाला सांगू, असा लालबुंद उतरला की मी हेल्मेट काढून त्याच्याकडे बघत बसलो. फक्त मग आत बघितलं. आतल्या बाजूला वीज पोचतच नाही म्हणे! बाहेर झगमगाट, आत काळाकुट्ट. लग्न तोंडावर आलेलं. मग आतून मी तांब्याच्या रंगाचा स्प्रे मारला, गाड्यांना मारतात तो. डब्यावर लाल चौकटीत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, ते वाचायला मी चष्मा शोधला नाही. आता रोज शोधतो आणि रोज वाचतो: खाण्यापिण्याच्या भांड्यांना मारू नये. वजन यावं म्हणून बुडात वाळूही भरली.

तरी निभावलं असतं हो. रुखवतातल्या वस्तू कुणी वापरतं का? आमच्या रुखवतातला लोकरीचा ससा अजून पिशवीतून बाहेर आलेला नाही. पण कर्जतच्या हॉलवर ठकूबाई टेबलापाशी आल्या, तांब्याला नखानं टकटक केलं आणि म्हणाल्या, "अवो व्याही, खरं तांबं हाय ना ह्ये?" सगळं वऱ्हाड बघतंय, फोटोवाला कॅमेरा रोखून उभा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शंभर नंबरी!" जयवंतानं माझ्याकडे असं बघितलं की बस. पौर्णिमा बिचारी तेव्हापासून तो खराच धरून चाललीय. सासरी गेल्यावर तिचा पहिला मोठा फोन आला तो आनंदाचा. बाबा, इकडच्या आई रोज रात्री तुमचा तांब्या भरून ठेवतात, सकाळी पितात, गुडघे हलके झालेत म्हणतात! मी खुर्चीत बसून होतो म्हणून, नाहीतर पडलोच असतो.

मग मी परीक्षा घेतली. पहिला करपलेला तांब्या होता, त्याला आतून तोच स्प्रे मारला, पाणी भरून ठेवलं आणि ते अंगणातल्या मिरचीला घातलं. मिरचीची पानं आक्रसली. जयवंता म्हणते चुरडामुरडा रोग पडलाय, सगळ्या गावात पडलाय. पडला असेल. पण ठकूबाईंच्या पोटातही तोच पडला असला तर? हल्ली फोन वाजला की मी आधी जयवंताला उचलायला सांगतो आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहतो.

राहवेना म्हणून मागच्या आठवड्यात पौर्णिमेला भेटायचं निमित्त काढून पोशीरला येऊन गेलो. (तुमच्याकडे डोकावलो नाही, राग मानू नका, तोंडावर सगळं दिसत होतं.) ठकूबाई ठणठणीत दिसल्या. वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावरून उतरवली, आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या तोच तांब्या घेऊन! म्हणाल्या, "तुमच्याच तांब्यातलं पानी हाय, घ्या." पेला भरला आणि समोर उभ्या राहिल्या. दादा, मी प्यायलो. दुसरं काय करणार? पौर्णिमा कौतुकानं बघत होती. दोन घोट गिळले आणि ठसका लागल्याचं सोंग केलं, तर त्या बाई म्हणाल्या, सावकाश, अजून हाय. घरी येईपर्यंत मी पोटावर हात ठेवून होतो. पोपटीला आलो की त्या आधी मला घरी नेणार, आणि पुन्हा त्याच तांब्यातलं पाजणार. म्हणून मी येत नाही.

बाकी इकडे सर्व क्षेम, म्हणजे अजून आहे. वहिनींना नमस्कार, किरणला आशीर्वाद (आणि फोन काढून घ्या त्याचा).

तुमच्या भरवशावर असलेला,
सदू

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलं. तुमच्याकडे देवघराच्या फळीवर माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे तुमच्या आईच्या वेळचा तांब्या आहे. माझा तांब्या हुबेहूब तसाच दिसतो. पोपटीच्या दिवशी सगळे शेतावर जमतील तेव्हा तुम्ही हळूच ठकूबाईंच्या घरी जा, तुमचा तिथं ठेवा आणि माझा उचलून नदीकाठी पुरा. कुणी हटकलं तर म्हणा, तहान लागली होती. (पाणी मात्र पिऊ नका.)

ता. क. २ : हुबेहूब कसा, असं तुमच्या मनात येईलच. सासूबाईंचे तांबे जोडीचे होते, एक तुमच्याकडे राहिला, एक जयवंताला लग्नात मिळाला. तिच्याचा काठ चिरलेला आणि बूड गळत होतं, म्हणून मी त्याचं माप घेऊन प्लास्टिकचा नवा काढला. आणि बादलीत दुसऱ्या अंगाला जे जुनं तांबं लटकवलं, ते म्हणजे तोच. आता त्याचा चतकोरही उरलेला नाही. जयवंता समजते तो माळ्यावर गोधडीत बांधलेला आहे. गोधडीत मी नारळ बांधून ठेवलाय. ही गोष्ट तुमच्यामाझ्यात राहू द्या, तुमच्या पाया पडतो.

दादा, मी जयवंता. ह्ये पाकीट उघडं टाकून डिंक आनायला नाक्यावर गेलेत, म्हणून चार ओळी लिवते. ठकूताईंना रुखवताच्या टेबलावरच कळलं व्हतं, तांब्या हालवला की आत वाळू वाजते. त्या माठातलं पानी पितात. तांब्यातलं प्यायले असं सांगतात, कारण पौर्णिमा रोज विचारते आनि नव्या पोरीचं मन मोडवत नाय. गुडघे हलके झाले ते तीच रोज तेल चोळून देते म्हणून. ह्यांना पाजलं ते पन माठातलंच, आत जाऊन तांब्यात घेतलं आनि लगेच ह्यांच्या म्होरं पेल्यात वतलं. नंतर मला फोन करून ताई इतक्या हसल्या की बोलता येईना. मला सगळं म्हायती व्हतं. सांगितलं नाय, कारण भ्यालेत तंवर त्या बादलीला हात लावत नाय आनि पडवीत कपडे वाळतात. पोपटीला सगळ्यांसमोर सांगून हसनार व्हतो.

खाली ता. क. दोन वाचलं. माळ्यावर चढले, गोधडी सोडली. नारळच हाय.

तुझा तांब्या फळीवरून हलवू नको, आईची तेवढीच वस्तू उरली. मी रविवारी येते, एकटी, आनि पोपटी झाल्यावर पन ऱ्हाईन. ह्ये आले डिंक घेऊन. विचारतात काय लिवलंस गं. म्हटलं, नमस्कार.