चढत्या गाडीला वाट

मु. कातळवाडी, ता. खेड, जि. रत्नागिरी
दि. १२ सप्टेंबर २०२५

चि. दिशा हिस तात्यांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गणपतीच्या गडबडीत पोचलं. गडबड वाडीची, माझी नव्हे. मी दीड दिवसाचा आणला, आरती एकट्याने म्हटली आणि नैवेद्याचे मोदक शेजारच्या शमिकाने दिले. तुझी आई असती तर तिने त्या मोदकांना नावं ठेवली असती. मी गपचूप खाल्ले.

फोन उचलत नाही म्हणून रागावतेस. अगं, बत्तीस वर्षं डाव्या कानाशी एसटीचं इंजिन बडबडत होतं, तो कान त्यानेच खाल्ला. उजवा थोडासा उरलाय. फोनवर तू बोलतेस आणि मला नुसता गिअर घासल्याचा आवाज येतो. त्यापेक्षा पत्र बरं, दोनदा वाचता येतं.

तू दानांगला बॅटरीची स्कूटी घेतलीस हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तिथे रहदारी उजव्या हाताने चालते, म्हणजे तुला सगळं उलटं. पहिला महिनाभर वळण्याआधी तोंडाने म्हणत जा, उजवीकडे, उजवीकडे. नव्या मार्गावर मी असंच पुटपुटायचो आणि खंडू मागून तिकिटं फाडता फाडता हसायचा. समोरचा वेडा आहे असं धरून चालवावं, शहाणा निघाला तर आनंद. रस्त्यावर हक्क आपला असला तरी हट्ट आपला नसावा. आणि चढावर आपला घाटाचा नियम विसरू नकोस, चढत्या गाडीला वाट, उतरत्याने थांबायचं. चढती गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलताना मागे सरकते. उतरणाऱ्याचं काय, ब्रेक सोडला की निघाला.

हायवे रुंद झालाय. तू गेलीस तेव्हा नुसती खडी पडली होती, एप्रिलमध्ये चारी पदर सुरू झाले. पलीकडे खंडू मजेत आहे. रोज सकाळी भेट होतेच. आज निळा सदरा घालून बसला होता, मला हात केला.

इथली काळजी नसावी. लोभ आहेच, तो तिथवर पुरावा.

तुझे,
तात्या

दानांग, व्हिएतनाम
दि. ४ ऑक्टोबर २०२५

ती. तात्यांस दिशाचा शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नका.

इथे रस्त्यावर कुणी कुणासाठी थांबत नाही, पण कुणी कुणावर चिडतही नाही. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येणारा मागे वळून बघतसुद्धा नाही. त्याने फक्त पुढचं बघायचं, त्याला सांभाळायचं काम मागच्याचं. सिग्नल नसलेल्या चौकात चारी बाजूंनी स्कूटर येतात आणि पिठात पाणी मुरावं तशा एकमेकींत मुरतात. गाडी जेवढी मोठी, तेवढा तिचा मान आधी. हॉर्नही शिवी म्हणून नाही, नुसतं मी आलोय हे सांगायला.

माझी खोली डोंगराच्या उतारावर आहे, खाली मासळी बंदर. कारखान्यात कोळंबी तपासायचं तेच काम, जे मिरजोळ्याला करत होते. बाकीच्या बायका दिवसभर आपसात हसत असतात, मला कळत नाही. कधी कधी वाटतं कुणाशी तरी कचकचून भांडावं, पण भांडायलासुद्धा भाषा लागते.

एक विचारायचं होतं. माझा करार मे महिन्यात संपतो. कंपनी आणखी दोन वर्षं वाढवून देते म्हणते, हुद्दाही वरचा. फेब्रुवारीअखेर सांगायचंय. तुम्ही काय म्हणता? तुम्ही एकटे आहात हे मनातून जात नाही. खंडूकाका समोर आहेत एवढाच धीर. ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी अजून फुटलेली नाही, म्हणून मी इथे निवांत झोपते.

त्यांना माझा नमस्कार सांगा. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
दिशा

कातळवाडी
दि. २६ ऑक्टोबर २०२५

चि. दिशास अ. उ. आ. वि. वि.

आधी खरं सांग, उजव्या हाताला काय झालं? घाईतलं अक्षर मी ओळखतो, ते पुढे पळतं. हे मागे कलंडलंय. हे डाव्या हाताचं आहे. तुझा बाप बहिरा आहे, आंधळा नाही.

दिवाळी झाली. मी उटणं लावून अंघोळ केली, दाराशी पणती लावली आणि पडवीत बसलो. खंडू फराळाचं ताट घेऊन त्याच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी आला, ताट उंच करून मला दाखवलं. चकल्या छान झाल्या असाव्यात. त्याचे गुडघे पार गेलेत, काठी घेतो, तरी उभा राहिला.

कराराचं विचारतेस, तर डोळे मिटून सही कर. मी तुला नियम शिकवला तो काय उगीच? तू चढते आहेस, मी उतरतो आहे. उतरणाऱ्याने कडेला थांबायचं आणि वाट द्यायची. मला इथे काही कमी नाही. वेळ कसा जातो तेच कळत नाही.

हाताचं लगेच लिही.

तुझे,
तात्या

दानांग
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

पकडलंत. मनगट मोडलं होतं. आता प्लास्टर निघालंय, हे उजव्या हाताने लिहितेय, ताडून बघा.

चूक तुमच्या नियमाची, म्हणजे माझीच. उतारावरून खाली येत होते. समोरून एक आजी भाजीच्या टोपल्या लादलेली स्कूटर घेऊन चढत होती. गल्ली अरुंद. मला वाटलं कशेडी घाटच आला, तिला वाट द्यायची म्हणून मी कडेला घेऊन थांबले. पण इथे असं मध्येच कुणी थांबतच नाही. मागचे तिघे माझ्यावर आले. आजी मात्र मजेत वर निघून गेली. पडल्या पडल्या मला हसू आलं, खोलीवर गेल्यावर रडू आलं. दोन महिने एका हाताने वेणी घालता येत नव्हती, आणि घालून दे म्हणून सांगणार कुणाला?

तेव्हापासून पायी जाते. रस्ता ओलांडायची इथली युक्ती शिकले. थांबून वाट बघितलीत तर संध्याकाळ होईल. हात जरा वर करायचा, सावकाश एका चालीने चालत राहायचं, पळायचं नाही, मागे फिरायचं नाही. गाड्या आपल्याला वळसा घालून जातात.

आता माझा प्रश्न. तुमची मागची सगळी पत्रं काल पुन्हा वाचली. त्यांत खंडूकाका सदरा घालतात, ताट दाखवतात, हात करतात. एकदाही बोलत नाहीत. ज्या माणसाचं तोंड खेड ते बोरिवली बंद नसायचं, तो बोलत का नाही? आणि चकल्या छान झाल्या *असाव्यात* म्हणजे काय? तुम्ही खाल्ल्या नाहीत?

खरं लिहा. मी अजून सही केलेली नाही.

तुमची,
दिशा

कातळवाडी
दि. १० डिसेंबर २०२५

चि. दिशास अ. उ. आ. वि. वि.

नाही खाल्ल्या. एप्रिलपासून मी पलीकडे गेलेलोच नाही.

चार पदर, मध्ये दुभाजक, त्यावर लोखंडी जाळी. लोकांनी एका जागी जाळी वाकवून फट केलीय, तिथून तरणी पोरं उड्या मारून जातात. खालून जायचा बोगदा दीड कोस लांब, आणि तिथवर चालायला कडेला पाऊलभर जागा नाही. शमिका दोनदा म्हणाली, फोन करून रिक्षा बोलावते. मलाच लाज वाटली. समोरच्या घरी चहाला जायला खेडवरून रिक्षा? आधी दिवसातून चार वेळा लुंगीवर ओलांडायचो हा रस्ता. आता गाडी येते ती ऐकू येत नाही, दिसते तोवर अंगावर असते.

एक मूर्खपणाही केला, तोही सांगतो. ऑगस्टमध्ये पेटीतला खाकी गणवेश काढला, इस्त्री केला, विनाअपघात सेवेचा बिल्ला लावला आणि कडेला जाऊन हात वर केला. म्हटलं, खाकी बघून कुणी ना कुणी ड्रायव्हर वेग कमी करेल. आपल्यातला माणूस आहे म्हणून. पाऊण तास उभा होतो. एक टँकर इतका जवळून गेला की टोपी उडाली. खंडू पलीकडून हे सगळं बघत होता. त्या दिवशी त्याने हात केला नाही, तोंड फिरवून बसला.

तेव्हापासून आम्ही सकाळी दोघे आपापल्या गडग्याशी येतो, हात करतो आणि घरात जातो. दिवसातलं बोलणं तेवढंच. फार एकटं वाटतं, दिशा. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

आता तो जातोय. त्याचा मुलगा विनीत त्याला नालासोपाऱ्याला कायमचा नेणार आहे, जानेवारीच्या अठरा तारखेला. शमिकाकडून कळलं. तो जाण्याआधी एकदा त्याच्या पडवीत बसायचंय, तेही पाहुण्यासारखं रिक्षाने नव्हे. तुझी ती एका चालीने चालायची युक्ती वाचून हुरूप आला. हात वर करतो, निघतो.

करार मात्र सोडू नकोस. नियम तो नियम.

तुझे,
तात्या

दानांग
दि. ३१ डिसेंबर २०२५

ती. तात्यांस शि. सा. न.

असलं काही करू नका. हे पत्र वेळेत पोचेल न पोचेल, म्हणून शमिकावहिनीला आत्ताच फोन करून सांगितलंय, तुम्हाला हाताला धरून अडव म्हणून. इथे गाड्या माणूस पळेल तेवढ्या वेगाने येतात. चालवणाऱ्याला माझा चेहरा दिसतो, मला त्याचा. तुमच्या हायवेवर कुणाचाच चेहरा कुणाला दिसत नाही. इथली युक्ती तिथे नेलीत तर जीव जाईल, आणि मी लिहिली म्हणून जाईल. हात जोडते, रिक्षाने जा.

आणि मला सगळं ठीक आहे असं पुन्हा लिहू नका. आज इथे सगळे आपापल्या घरी गेलेत, मी तुमचं पत्र घेऊन बसलेय. वर्ष सरताना तुमच्याकडून एवढंच मागते, मी काय करू ते खरं सांगा. नियम नको.

तुमची,
दिशा

कातळवाडी
दि. २४ जानेवारी २०२६

चि. दिशा हिस तात्यांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

जिवंत आहे, आधी ते. शमिकाने निरोप दिला, चार माणसांत ओरडून दिला, त्यामुळे अख्ख्या वाडीला कळला, पलीकडे खंडूलासुद्धा. तुझं बरोबर होतं. तुझी युक्ती मी टाकली. रिक्षाचं मात्र ऐकलं नाही.

सतरा तारखेला सकाळी गडग्याशी गेलो तर खंडू बसलेला नव्हता. तो काठी टेकत त्याच्या बाजूच्या रस्त्याच्या अगदी कडेला येऊन उभा होता, हातात पांढरा पंचा. मला क्षणात कळलं. पावसात कशेडीला धुकं उतरलं की पुढचं चाक दिसायचं नाही. तेव्हा खंडू खाली उतरून पंचा हलवत पुढे चालायचा आणि मी त्याच्या पंचावर गाडी आणायचो. एकदा हलवला की थांब, दोनदा हलवला की चल. घंटीचाच हिशेब. त्याने माझ्यासाठी कान आणि डोळे दोन्ही व्हायचं ठरवलं होतं.

मी आपल्या कडेला उभा राहिलो. बराच वेळ पंचा थांबून थांबून एकदाच हलत होता. मी गाड्यांकडे बघितलंच नाही, फक्त त्याच्याकडे बघत होतो. मग दोनदा हलला. चाललो. जाळीच्या फटीत पोचलो, तिथे पुन्हा थांब. दोन्ही बाजूंनी वारा अंगावर येत होता, धोतर पायांत अडकत होतं. तेवढा वेळ उभा राहिलो तो केवळ त्याच्या भरवशावर. पुन्हा दोनदा. पोचलो.

त्याने माझ्या उजव्या कानाला तोंड लावून विचारलं, मेल्या, गाडी नऊ महिने लेट कशी झाली. मग आम्ही त्याच्या पडवीत दुपारपर्यंत बसलो. तो बोलत होता. निम्मं ऐकू आलं नाही, तरी मान हलवत होतो. त्याला ते माहीत होतं, तरी बोलत होता. चकल्या त्याने एका डब्यात राखून ठेवल्या होत्या, मऊ पडल्या होत्या. सगळ्या खाल्ल्या.

परत येताना त्याने पुन्हा पंचा धरला. माझी बाजू गाठून वळून बघितलं तर तो अजून उभाच, पंचा खांद्यावर टाकून डोळे पुसत होता. मीही पुसले. दुसऱ्या दिवशी विनीत गाडी घेऊन आला आणि नऊ वाजता ते निघाले. माझ्या बाजूने जाताना खिडकीतून हात बाहेर आला. गाडी वेगात होती, हात नीट दिसला नाही.

त्याची खुर्ची पलीकडे तशीच आहे. सकाळी मी सवयीने गडग्याशी जातो, हात वर जातो आणि मग आठवतं. आज सहा दिवस झाले, मी कुणाशी बोललेलो नाही. शमिका येते, पण ती ओरडून बोलते, ते बोलणं नव्हे.

तू खरं विचारलंस, तर खरं सांगतो. बत्तीस वर्षं घाटात गाडी चालवली, एकदाही चढत्या गाडीला थांबवलं नाही. समोरचा चढत असेल तर मी माझी भरलेली गाडी दरडीला चिकटवून उभी केली आहे. हा नियम मीच तुला शिकवला, आज मीच मोडतो आहे. चढती गाडी थांबली की पुन्हा उचलायला किती जड जाते हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी थांबवतो आहे.

सही करू नकोस. मे महिन्यात घरी ये.

पत्रांतून लोभ पुष्कळ झाला.

तुझे,
तात्या