ठिपक्यांना दिलेली नावं

३ नोव्हेंबर
आले एकदाची जवाहरनगरला! गोदावरीमावशीचं क्वार्टर झकास आहे. मावसाजी सकाळीच फॅक्टरीच्या बसनं जातात, मागची खोली दिवसभर माझी. आमच्या गावी, एकोडीत, नेट म्हणजे नुसता वैताग; इथे सराव बिनधोक. विमान नियंत्रकाची लेखी निघाली, आता वीस तारखेला नागपुरात अभियोग्यता चाचणी. पडद्यावर आठ ठिपके, म्हणजे आठ विमानं. कोणाची कोणाशी टक्कर होऊ द्यायची नाही. एवढंच!

७ नोव्हेंबर
एवढंच? डोंबलाचं! सदतीस वेळा सराव, सदतीस वेळा नापास. विमानांचे आकडे डोक्यातच राहत नाहीत. लॅपटॉप आपटावासा वाटतो. मावशी म्हणाली, कायले एवढी चिडून राहिली, आधी जेवून घे.

जेवताना बाबा आठवले. ते गावच्या तलावाचं पाणी वाटतात. शंभर धानबांध्यांची, म्हणजे भाताच्या वाफ्यांची, पाळी त्यांना तोंडपाठ, पण आकड्यांनी नाही, माणसांच्या नावांनी. मीही ठिपक्यांना गावातली नावं दिली. कवडूकाका, भय्याजी, ललिताबाई, कौशल्याबाई... आणि पास झाले! आधीच का नाही सुचलं या टाळक्याला?

११ नोव्हेंबर
आज कवडूकाका भय्याजींवर आदळले. पडद्यावर. मी चडफडत लॅपटॉपसमोरून उठले. संध्याकाळी बाबांचा फोन आला, की दोघांच्या मोटरसायकली बांधावर भिडल्या, दोघंही दवाखान्यात आहेत. योगायोग. दुसरं काय असणार?

१४ नोव्हेंबर
चार वाजता पडद्यावर ललिताबाई आणि कौशल्याबाई भिडल्या.
चारलाच गावात धानाचा ट्रॅक्टर उलटला, बाबांनी फोनवर सांगितलं. ट्रॉलीत दोघीच होत्या. ललिताबाई गेल्या.
मी केलं हे. मी.

१५ नोव्हेंबर
नावं नकोत! आकडे घोकतेय, पण ठिपका दिसला की नाव आधी उमटतं. सराव बंद. चाचणी सोडू? तीन वर्षं घातली यात. वयोमर्यादा संपतेय, पुन्हा संधी नाही. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुया डोक्शाले ताण आला, मी संगं येतो, पेपर दे अन् घरी चाल. कोणीच ऐकत नाही माझं!

२० नोव्हेंबर, परीक्षा केंद्र, रफ कागदावर
पहिला भाग झाला. सगळे ठिपके सुखरूप. जमलं मला. बाबा खाली उभे आहेत, चौथ्या मजल्यावरून बरोबर खिडकीखाली दिसतात.

दुसरा भाग. दोनच ठिपके. नाव द्यायचं नाही, द्यायचं ना—
बाबा.
दुसऱ्याला कोणाचंच दिलं नाही. आपोआप उमटलं. कामिनी. माझंच.

बाबांचा ठिपका थांबवला. थांबला. माझा थांबत नाही, बटण दाबदाब दाबतेय, त्यांच्याकडेच सरकतोय. पण मी तर खुर्चीत बसले—

उभी का राहिले मी? पर्यवेक्षक ओरडतायत, बसा म्हणून. बसता येत नाही. पाय ऐकत नाहीत, खिडकीकडेच चाललेत. खिडकी उघडी आहे. बाबा, बाजूला व्हा, बाबा, बाजू—