फिट, साहेब!

१० जानेवारी १९५६, नागपूर
तिसरा दिवस. एकही डॉक्टर मिळाला नाही. आमच्या गावात लढाईवरून परतलेले सतरा शिपाई. त्यांच्यासाठी दवाखाना हवा, म्हणून हवालदार महादेवरावांनी मला इकडे धाडलं. नुकताच पास झालेला कोणी पोरगा गाठायचा. त्याने गावी येऊन माणसं तपासून 'गरज आहे' असं लिहून दिलं, तरच कचेरी दवाखाना देणार.

मेडिकलच्या होस्टेलात एकाने विचारलं, "सिनेमा आहे का गावात?" म्हटलं, आष्टीच्या बाजारात तंबू येतो कधी कधी. सगळे हसले. मीही हसलो. कशाला हसलो!

वाटेत एकाकडे बोलणारी मैना होती. तिच्यापायी दुपार गेली.

११ जानेवारी
मिळाला!! डॉक्टर वैरागडे. मिसरूड आत्ताच फुटलेलं. वडिलांची अट— आधी दोन वर्षं खेड्यात काढ, मग शहरात दवाखाना टाकून देतो. "बघून तरी येतो," म्हणाले. रविवारी येतात.

१३ जानेवारी
गावी. सोनबाकाकाकडे जेवलो. मी कुठूनही भटकून आलो तरी ताट गावच्या गोंडटोलीत त्याच्याच घरी. लढाईत ब्रह्मदेशात सडका बांधल्या त्याने. आता फौजी कोट अंगावर नुसता लोंबतो. सकाळी थुंकीत रक्त पडतं.

जिजाकाकू म्हणाली, "डॉक्टरले तूच सांगजो बापा. हा काई सांगत नाई."

"ब्रह्मदेशात नाई मेलो, आता खोकल्यानं मरतो का वं?"

"तिथं रातभर खोकला आयकाले मी नव्हती ना!"

काका हसला आणि हसता हसता खोकत बसला.

१५ जानेवारी, रविवार
सगळं बिघडलं.

चावडीपुढे सतरा जण लाइनीत उभे. कोट झटकलेले, छात्या पुढे. डॉक्टरांनी पहिल्याला विचारलं, "काय त्रास?"

"फिट, साहेब!"

दुसरा— फिट! तिसरा— फिट! लंगडणारा तानबासुद्धा दोन्ही पायांवर ताठ. सोनबाकाकाच्या छातीला नळी लावली. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण खोकला दाबला. "फिट, साहेब!"

मी ओरडलो, "खोटं बोलून राह्यला काका!"

"चूप बे!" महादेवराव माझ्यावरच गरजले. "लाइनीत बोलाचं नाई!"

मी मागे सरलो. सरायला नको होतं. डॉक्टरांनी कागदावर काही खरडलं आणि मोटार गाठली.

नंतर महादेवरावांना म्हटलं, हे काऊन केलं तुम्ही? ते चांगलेच वरमले. "अबे, फौजेत डॉक्टरपुढे कण्हला का कामचोर ठरला. अनफिट लिहिलं का गेलं नाव. लाइनीत उभे झालो आन् जीभ आपोआपच वळली."

सोनबाकाका मात्र खुशीत. "डॉक्टरले फसोलं ना बे!" मग ओट्यावर आडवाच झाला.

१८ जानेवारी
काही नाही. पवनारला जाऊन नदीत पाय सोडून बसलो. उगाच.

२४ जानेवारी
कचेरीचं पत्र आलं. माजी शिपाई सर्व तंदुरुस्त, दवाखान्याची गरज नाही.

महादेवराव म्हणाले, "जाय पोट्ट्या. डॉक्टरले आमी चुकलो म्हनाव. आजून एकडाव ये म्हनाव, आता खरं सांगतो." आवाज हवालदाराचा राहिला नव्हता. सोनबाकाका बाजेवरून उठत नाही. जिजाकाकूने मला बांधून भाकर दिली.

२७ जानेवारी, नागपूर
डॉक्टर भेटले. सगळं सांगितलं— भीतीने खोटं बोलले, काकाची छाती गेली आहे, चला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "नळी लावली होती ना मी. ऐकलं तेव्हाच."

"मग फिट काऊन लिहिलं?"

"त्यांच्याच तोंडचं लिहिलं. गरज आहे लिहिलं असतं, तर दोन वर्षं तिथं मलाच काढावी लागली असती."