करंगळीवरची शाई

माय, गेल्या आठवड्यात तळोद्याला आम्हा नर्सबायांचं प्रशिक्षण होतं. मागच्या बाकावर आमच्या गप्पा चालल्या होत्या, आणि डॉक्टर मॅडम सांगू लागल्या की तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरवर आता लस तयार करताहेत. रोग होऊ नये म्हणून नाही, झाल्यावर द्यायची. शरीराची स्वतःची जी ताकद असते, तिला ही लस कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवते. मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी मला ब्राह्मणपुरीची आपली मागची चूल दिसली.

तू तव्यावर तंबाखू भाजते आहेस आणि घरभर ठसका उठलाय. मिसरी लावल्याशिवाय तुझी सकाळ व्हायची नाही, आणि ती कुटून डबीत भरायचं काम माझं. पुढे तुझ्या गालाच्या आतला पांढरा चट्टाही मीच बॅटरी लावून पाहिला. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात चल म्हटलं तर तू ऐकेनास. शेजारची काकू जबडा काढून आली होती, तिची तू धास्ती घेतलेली. "गावभर सुया टोचत फिरस," तू म्हणालीस, "मन्हाकरता एक बी नही का?"

मी चिडले. लस आधी घ्यायची असते, आता काय उपयोग, असं तोडून बोलले. त्या दिवशी तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी ताकदीचं इंजेक्शन आणलं आणि ही कॅन्सरची लस म्हणून तुझ्या दंडात टोचलं. वाटलं, जरा धीर आला की धुळ्याच्या गाडीत बसशील. तू डावी करंगळी पुढे केलीस. "शाई लाव, पोरेसले लावस तशी." पोलिओच्या पेनाने मी खूण केली.

ते बोट तू गल्लीभर दाखवलंस. भाकरी खाऊ लागलीस, हसू लागलीस, आणि धुळ्याचं नाव काढलं की म्हणायचीस, "कापूस येची व्हऊ दे, मंग पाहू." मी खरं सांगायचं रोज उद्यावर ढकललं. तुझं हसणं मोडायला मन होईना. मानेत गाठ आली तेव्हा गेलो. इतके दिवस काय करत होता, डॉक्टरांनी विचारलं. तू कौतुकाने माझ्याकडे पाहिलंस. "मन्ही पोरनी लस दिधेल शे."

मॅडमचं ऐकताना आधी मला हलकं वाटलं, याची लाज वाटते. जणू मी खोटं बोललेच नव्हते, फक्त जरा लवकर बोलले होते. मग उठून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, अजून चाचण्याच चालू आहेत, सगळ्यांना लागू पडेल असंही नाही. वेळेवर ऑपरेशन आणि किरणांचा शेक हेच आधी. मी खाली बसले.

तुला लिहिलेले हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. दादा अजून म्हणतो, "मायनी कोनं आयकं नही." आणि मी मान हलवते. शाई पुसट झाली की तू बोट पुढे करायचीस, आणि मी पुन्हा लावायचे. तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा बायका म्हणाल्या, ही खूण कशी ताजी दिसते. मी आदल्या दिवशीच लावली होती.